प्रकल्प नोंदी : रॅडिकल १३०, मांस

प्रकल्प : मराठीतून जपानी आणि चिनी शिकणाऱ्यांसाठी रॅडिकलनुसार, म्हणजे कोशात अक्षर ज्या भागाखाली लावतात त्या भागानुसार, अक्षरसूची. आधी सर्वांना वापरता येईल अशी डेटा फाइल, मग तिच्यावरून छापील पुस्तिका. खुद्द अक्षरं फाइलमध्ये आहेत. या नोंदी मुद्दाम नुसत्या देवनागरीत ठेवल्या आहेत, कारण चिनी फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. अक्षर ओळखायचं ते अर्थावरून, आणि लागेल तिथे ‘१३०.३’ अशा आकड्यावरून : एकशे तिसावं रॅडिकल, त्याखेरीज तीन रेघा.

२ फेब्रुवारी

दोनशे चौदा रॅडिकलांपैकी सुरुवात कुठून करायची, यावर आजची बैठक गेली. पाणी, झाड, माणूस ही नेहमीची नावं पुढे आली. मी मांसाचा आग्रह धरला. पुण्यातल्या जपानीच्या वर्गांत आता काइगोची, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामाची तयारी करणारी मुलंमुली असतात. कुशल कामगारांबाबत भारत आणि जपान यांच्यात २०२१ मध्ये जो सहकार्य करार झाला, त्यात हे क्षेत्रही आहे. या मुलांना ऋतू आणि फुलं नंतर शिकवली तरी चालेल. पाठ, कंबर, पोट, छाती, खांदा, गुडघा, फुप्फुस, जठर ही अक्षरं त्यांना आधी लागतात, आणि ती सगळी या एकाच रॅडिकलच्या घरात राहतात.

वर्गावर शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, “मांस घेतलंस तर चंद्रही घ्यावा लागेल, माहिती आहे ना?” माहिती आहे. म्हणूनच हे आधी घ्यायचं.

५ फेब्रुवारी

पुस्तिकेच्या प्रस्तावनेचा कच्चा खर्डा. मराठी कोशात शब्द शोधायचा तर तो कसा उच्चारतात एवढं कळलं की पुरे, पुढे क, ख, ग आपल्याला नेतात. चिनी अक्षर समोर येतं तेव्हा बहुतेकदा उच्चारच माहीत नसतो. मग शोधायचं कशावरून? आकारावरून. त्यासाठी अक्षराचा एक ठरावीक भाग मुख्य मानायचा आणि त्याच्याखाली ते अक्षर लावायचं. तो भाग म्हणजे रॅडिकल, जपानीत बुशु.

ही व्यवस्था पहिल्यांदा पक्की केली शू शन याने. हान काळातल्या या विद्वानाने इ. स. १०० च्या सुमारास आपला कोश पूर्ण केला आणि १२१ मध्ये त्याच्या मुलाने तो बादशहापुढे ठेवला. ९,३५३ अक्षरं, ५४० विभाग. शू शनला अक्षर कशातून जन्मलं हे सांगायचं होतं, त्यामुळे जेमतेम एक-दोन अक्षरांचे विभागही त्याने आनंदाने ठेवले. शोधणाऱ्याची सोय पाहिली ती मेई यिंगच्वो याने, मिंग काळात. १६१५ मध्ये त्याने ५४० चे २१४ केले, ते रेघांच्या संख्येनुसार लावले आणि प्रत्येकाखालची अक्षरंही उरलेल्या रेघा मोजून लावली. १७१६ च्या कांगशी कोशाने हेच २१४ उचलले आणि तेव्हापासून ‘कांगशी रॅडिकल’ हे नाव रूढ झालं. श्रेय मेईचं आहे. पुस्तिकेत त्याचं नाव ठळक छापायचं.

११ फेब्रुवारी

आजचं काम : अडचण कुठे येते ते नेमकं मांडणं.

‘मांस’ हे अक्षर सुटं लिहिलं तर सहा रेघांचं, म्हणून ते सहा रेघांच्या रॅडिकलांत, ११८ ते १४६ या टप्प्यात आहे. दुसऱ्या अक्षरात शिरताना मात्र ते आकसतं : खालून उघडी उभी चौकट, डावा पाय जरा बाहेर वळलेला, पोटात दोन छोट्या रेघा. एकूण चार. आणि हा आकार चंद्राचा आहे. चंद्राचं रॅडिकल चौऱ्याहत्तरावं, चार रेघांच्या टप्प्यात, ६१ ते ९४ मध्ये.

म्हणजे शिकणारा मुलगा ‘यकृत’ शोधायला बसतो, डावीकडचा भाग मोजतो, चार रेघा भरतात, तो चंद्राच्या पानावर जातो, आणि तिथे यकृत नाहीच. त्याने काहीही चुकीचं केलेलं नसतं.

आकसणं नवीन नाही. पाणी डावीकडे आलं की तीन थेंबांचं होतं, हृदय डावीकडे उभं राहून तीन रेघांचं होतं. पण ते थेंब पाहून दुसऱ्या कशाचा भास होत नाही. टेकडी (१७०) आणि नगर (१६३) ही जोडी मात्र हुबेहूब एकसारखी होते. तिथे बाजू सांभाळून घेते : डावीकडे असेल तर टेकडी, उजवीकडे असेल तर नगर. चंद्र आणि मांस यांचं इतकं साधं नाही.

रूढ मोजणीप्रमाणे कांगशी कोशात मांसाखाली ६७४ अक्षरं आहेत आणि चंद्राखाली ६९. चंद्राच्या चेहऱ्याने वावरणारी बहुतेक अक्षरं मांसाची आहेत, हे एवढ्यावरूनच कळतं.

१७ फेब्रुवारी

दिवसभर फॉन्ट. आजवरचा सगळ्यात समाधानाचा दिवस.

मुद्रालिपीत, म्हणजे हानपूर्व काळापासूनच्या जुन्या वळणात, मांस आणि चंद्र निराळे ओळखता येतात. पुढे हान काळात कारकुनांची वेगाने लिहायची लिपी रुळली आणि दोघांचा चेहरा एक होत गेला. पण छापील परंपरेने फरक पूर्ण सोडला नाही. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाच्या प्रमाण लेखनात तो आजही जिवंत आहे. तिथे चंद्राच्या पोटातल्या दोन रेघा आडव्या, डाव्या भिंतीला टेकलेल्या, उजव्या भिंतीपासून सुटलेल्या. मांसाच्या पोटात वरची खूण म्हणजे तिरका ठिपका, खालची म्हणजे डावीकडून उजवीकडे वर चढणारी झटक्याची रेघ, आणि या दोन्ही खुणा दोन्ही भिंतींना भिडलेल्या. चीनमध्ये आणि जपानमध्ये हल्ली दोन्हींकडे साध्या आडव्या रेघा छापतात.

मजा अशी की युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, ‘यकृत’ला सांकेतिक क्रमांक एकच. तैवानी वळण दिसायचं की जपानी, हे फॉन्ट आणि मजकुराला लावलेली भाषेची खूण ठरवते. नोटो सान्स सीजेके हा फॉन्ट घेऊन चाचणीच्या पानावर तेच अक्षर दोनदा ठेवलं, एकाला जपानीची खूण, दुसऱ्याला तैवानच्या चिनीची. पडद्यावर दोन्ही शेजारी शेजारी मोठी करून पाहिली. एकात दोन सपाट फळ्या, दुसऱ्यात ठिपका आणि चढती रेघ. ताईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर : “वीस वर्षं शिकवतेय, हे एवढं मोठं करून कधी पाहिलंच नव्हतं.”

ठरलं : शिकवायचं वळण जपानीच ठेवायचं, पण मांसाच्या पानाच्या माथ्यावर तैवानी वळण मोठ्या आकारात छापायचं. एकदा तो ठिपका डोळ्यांत भरला की आडव्या रेघांमागेही मांस दिसू लागतं.

२४ फेब्रुवारी

जागेवरून ओळखायचा नियम तपासला. जपानच्या नित्य वापराच्या यादीतली २,१३६ अक्षरं आधार म्हणून घेतली. तोंडी नियम असा : आकार डावीकडे किंवा तळाशी असेल तर मांस, उजवीकडे असेल तर चंद्र.

डावीकडे : यकृत, फुप्फुस, आतडं, पोट, छाती, कंबर, मनगट. तळाशी : जठर, पाठ, खांदा, मूत्रपिंड, आणि ‘वाढवणं, पोसणं’चं अक्षर. या शेवटच्याच्या माथ्यावर उलटं मूल आहे, जन्माला येताना डोकं खाली असलेलं. उजवीकडे : सकाळ, मुदत, आणि या यादीबाहेरचं ‘चांद्र महिन्याचा पहिला दिवस’. इथे खराच चंद्र आहे, कारण काळ मोजायचा तो त्याच्यावरच.

नियम चांगला चालतो. यकृत मुद्दाम उदाहरणादाखल ठेवलं आहे : डावीकडे मांस, म्हणजे हे शरीरातलं काहीतरी, उजवीकडे ‘कोरडं’चं अक्षर, त्याचा अर्थ इथे लागू नाही, फक्त आवाज घ्यायचा, कान. निम्म्याहून अधिक काम रॅडिकल करून देतं.

चिनी वैद्यकातले पाच मुख्य अवयव : यकृत, हृदय, प्लीहा, फुप्फुस, मूत्रपिंड. चौघांत मांस आहे. हृदयात नाही, कारण हृदय स्वतःच रॅडिकल आहे, एकसष्टावं. राग, भीती, विचार, विसरणं ही अक्षरं त्याच्या घरात.

३ मार्च

नियमाला न जुमानणाऱ्यांची यादी. यात वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

‘ढगाळ, अंधुक चांदणं’ हा अर्थ देणारी दोन अक्षरं : चंद्र डावीकडे, आणि चंद्रच.

‘कपडा’ (७४.४) : आकार डावीकडे, कोशात चंद्राखाली. शू शनच्या कोशात ते नावेच्या विभागात आहे. नावेचा आकार घासत घासत चंद्रासारखा झाला. ‘मी’ या अर्थाचं जे अक्षर इ. स. पूर्व २२१ मध्ये छिनच्या पहिल्या सम्राटाने फक्त स्वतःसाठी राखून ठेवलं, तेही असंच नावेच्या घरातलं. जपानीत या तिसऱ्या प्रकाराला फुनाझुकी, नाव-चंद्र, असं नावच आहे. मांसाच्या आकाराला निकुझुकी, मांस-चंद्र.

‘मित्र’ (७४.४) : दोन चंद्र शेजारी शेजारी. मुळात चंद्र नाही आणि मांसही नाही, कवड्यांच्या दोन माळा.

आणि आता ‘असणं, जवळ असणं’ (७४.२). रोजच्या वापरातलं, पहिल्या वर्षात शिकवलं जाणारं. वर हात, खाली तो आकार. कांगशी कोशात चंद्राखाली. शू शनलाही इथे चंद्रच दिसला, आणि त्याने अर्थ दिला ‘जे असू नये ते असणं’, दाखल्याला जुन्या इतिवृत्तातला ग्रहणाचा उल्लेख : सूर्यचंद्राला ग्रासलं जाणं. त्याच्या काळापूर्वीच्या कांस्य भांड्यांवरच्या लेखांत मात्र स्पष्ट दिसतं की हातात मांसाचा तुकडा आहे. हातात मांस आहे, म्हणजे जवळ काहीतरी आहे. शू शनबद्दलचा माझा आदर यामुळे तसूभरही कमी होत नाही. त्याच्यासमोर मुख्यतः मुद्रालिपी होती. हाडांवरचे प्राचीन लेख तर विद्वानांच्या नजरेत १८९९ मध्ये आले.

ताईंचा प्रश्न : मग हे अक्षर आपण कुठे लावायचं? चंद्राखालीच. कोशाचा पत्ता बदलायचा अधिकार आपल्याला नाही. पण टीप द्यायची, आणि ती त्याच पानावर द्यायची.

उलट दिशेचा अपवाद : ‘हू’ हे अक्षर (१३०.५). आकार उजवीकडे, तरी मांस. शू शनने दिलेला मूळ अर्थ म्हणजे बैलाच्या गळ्याखाली लोंबणारी कातडी. पुढे चीनच्या उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या परकीयांना हे नाव पडलं, आणि त्यांच्या वाटेने आलेल्या जिनसांनाही : तीळ, गाजर, मिरी. नवव्या शतकात दुआन चंगश लिहितो की मिरी मगधातून येते. मराठी वाचकासाठी हा संदर्भ टीपेत ठेवला आहे, मोह आवरला नाही.

९ मार्च

छोटं काम. ‘वंशज’ आणि ‘शिरस्त्राण’ या अक्षरांची जोडी लावली. उच्चार एकच, आकारही जवळजवळ एकच, तळाशी तोच चौकटीचा भाग. वंशज मांसाचं (१३०.५), कारण वंश रक्तामांसाचा. शिरस्त्राण तेराव्या रॅडिकलखाली, खालून उघड्या चौकटीच्या आकाराच्या. जपानी छपाईत दोघं डोळ्यांना वेगळी करता येत नाहीत म्हटलं तरी चालेल. दोघांना परस्परांचा दुवा दिला.

याहून अवघड जोडी : महिनाअखेर पश्चिमेला दिसणारा चंद्र, आणि यज्ञातलं मांस या अर्थाशी जोडलेलं अक्षर. उजवा भाग एकच, उच्चार एकच, डावीकडे एकात चंद्र, दुसऱ्यात मांस. युनिकोडमध्ये क्रमांक ६७१३ आणि ८१०१. वर्गात कुणाला लागणार नाहीत, पण रॅडिकल निव्वळ आकारावर चालत नाही याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला सापडलेला नाही.

१६ मार्च

आज ‘नंतर घडवलेली अक्षरं’ हा भाग. पुस्तिकेत तो हवाच, नाहीतर रॅडिकल म्हणजे जुनीपुराणी गोष्ट असा समज होतो.

जपानच्या एदो काळातला, डच ग्रंथांतून पाश्चात्त्य विद्या शिकलेला वैद्य उदागावा गेनशिन. युरोपीय शरीरशास्त्राचे ग्रंथ जपानीत आणताना त्याला दोन गोष्टींना चिनी वैद्यकात अक्षरच मिळेना : ग्रंथी आणि स्वादुपिंड. त्याने ती घडवली. ग्रंथीसाठी मांसाला झरा जोडला, कारण तिच्यातून स्राव झरतो. स्वादुपिंडासाठी मांसाला ‘गोळा होणं’ जोडलं. १८०५ च्या त्याच्या ग्रंथातून ही अक्षरं पसरली. ग्रंथीचं अक्षर चीननेही घेतलं. स्वादुपिंडासाठी चिनी भाषेत दुसरं अक्षर स्थिरावलं, तेही मांसाचंच. जपानच्या नित्य यादीत ग्रंथीचं अक्षर २०१० मध्ये आलं, कोपर, गुडघा आणि मूत्रपिंड यांच्याबरोबर. काइगोच्या मुलांना ही चारही लागतात.

चीनमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी तर हे रॅडिकल शरीराबाहेर नेलं. नायट्रोजन असलेल्या कित्येक सेंद्रिय संयुगांच्या नावात मांस आहे : अमाइन, पेप्टाइड, युरिया. युरियाचं अक्षर म्हणजे मांस आणि मूत्र. हायड्राझिनही याच घरात, जे उपग्रहांच्या छोट्या इंजिनांत इंधन म्हणून वापरतात. हे वाचून टीममधल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने स्वतःहून ही यादी पूर्ण करायचं काम मागून घेतलं. दिलं.

‘करू शकणं’चं अक्षर (१३०.६) : मुळात अस्वलाचं चित्र. डावीकडच्या खालच्या भागात मांसाचा आकार दिसतो म्हणून इथे नोंदलेलं. खुद्द अस्वलाच्या अक्षराला पुढे खाली चार ठिपके लागले आणि ते अग्नीच्या रॅडिकलखाली गेलं.

२३ मार्च

तांत्रिक. शोध चालत नव्हता, कारण सापडलं.

‘मांस’ युनिकोडमध्ये तीन ठिकाणी आहे. एक, नेहमीचं अक्षर, हेक्साडेसिमल ८०८९. दोन, कांगशी रॅडिकलांचा स्वतंत्र गट, १९९९ मध्ये युनिकोड ३.० बरोबर आलेला, २१४ चिन्हांचा. तीन, रॅडिकलांच्या पुरवणीचा गट, ११५ चिन्हांचा, ज्यात मांसाचं आकसलेलं रूप निराळं आहे. डोळ्यांना पहिली दोन एकच. कुणी रॅडिकलांच्या तक्त्यावरून चिन्ह उचलून शोधाच्या खिडकीत टाकलं तर संगणकाला ते भलतंच अक्षर वाटतं आणि उत्तर येतं ‘काही नाही’.

उपाय : शोधण्याआधी मजकूर एनएफकेसी पद्धतीने सामान्य रूपात आणायचा. त्याने कांगशी गटातलं चिन्ह ८०८९ होतं. पुरवणीतलं आकसलेलं रूप मात्र त्याने बदलत नाही, कारण त्याला तसा दुवाच दिलेला नाही. त्यासाठी हाताने बदलतक्ता लिहिला, आणि त्यात पाणी, हृदय, गवत, चाल यांची आकसलेली रूपंही घालून टाकली.

युनिहान या युनिकोडच्या चिनी अक्षरांच्या डेटाबेसमधला रॅडिकल आणि रेघांचा रकाना मुळाधार म्हणून घेतला. यकृत तिथेही १३०.३ आहे.

३० मार्च

निर्णयाची बैठक. लांबली.

ताईंचं म्हणणं असं. चीनमधले आजचे विद्यार्थी-कोश यकृत आणि फुप्फुस सरळ चंद्राच्या आकाराखाली देतात, मग आपणही तेच करावं. मुलांना शोधायचं असतं, व्युत्पत्ती नको असते. सहा रेघांच्या गटात चार रेघांचा आकार का पाहायचा, हे परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाला समजावणार?

शोधणाऱ्याच्या बाजूने हे पूर्ण बरोबर आहे. तरीही यकृत आणि सकाळ एका यादीत, एकाखाली एक, ही मांडणी मला पटत नाही. मांसाचं पान वेगळं असलं की ते पानच शिकवतं. अनोळखी अक्षर दिसलं आणि डावीकडे निकुझुकी दिसली की मुलगी म्हणते, हे अंगातलं काहीतरी आहे. औषधाच्या पाकिटावर, दवाखान्याच्या फलकावर हा अंदाज खरोखर कामाला येतो. चंद्राच्या ढिगात टाकल्यावर हा अंदाज बांधायची सवयच लागणार नाही.

ठरलं ते असं. घर १३०, दार दोन. फाइलमध्ये प्रत्येक मांसाक्षराला दोन रकाने : ‘घर’मध्ये १३०, ‘दार’मध्ये ७४ सुद्धा. चार रेघा मोजून चंद्राकडून येणाऱ्याला अक्षर लगेच मिळेल, आणि उघडल्यावर पान मांसाचं असेल, माथ्यावर तो ठिपका आणि चढती रेघ. छापील पुस्तिकेत चंद्राच्या पानावर पहिल्याच ओळीत सूचना : आकार डावीकडे किंवा तळाशी असेल तर १३० पाहा. अपवादांची चौकट तिथेच शेजारी. ताईंनी सूचनेचा मजकूर स्वतः लिहून दिला, माझ्यापेक्षा आटोपशीर.

जपानी परीक्षेतल्या बुशुच्या प्रश्नांसाठीही मांस आणि चंद्र वेगळे असलेले बरे. हा मुद्दा त्यांनीच शेवटी मांडला.

६ एप्रिल

मांस लपलेल्या ठिकाणांची पुरवणी : ‘यज्ञ’मध्ये वर डावीकडे तिरकं मांस, शेजारी हात, खाली वेदी (रॅडिकल ११३). ‘भाजणं’मध्ये विस्तवावर मांस, घर अग्नीचं. कन्फ्यूशियसने म्हटलं आहे की वाळवलेल्या मांसाची जुडी घेऊन जो येईल त्याला मी शिकवणं कधी नाकारलं नाही. त्या वाळवलेल्या मांसाचं अक्षर १३० मध्येच आहे. ताईंनी ते वर्गात सांगायला म्हणून उतरवून घेतलं.

राहिलेली कामं : काइगोच्या शब्दांची वेगळी यादी, बाईंडरकडे कागदाची चौकशी, बदलतक्त्याची दुसऱ्या माणसाकडून तपासणी. रसायनांची यादी आली आहे, ती उद्या जोडायची. पुढचं रॅडिकल टेकडी आणि नगर एकत्र, १७० आणि १६३. तैवानी आणि जपानी वळणांचे नमुने काढून ठेवले आहेत.